नऊ टक्के वायू

पडद्यावर आकडा उमटला त्याला दोन मिनिटे होऊन गेली होती, आणि खोलीतल्या तिघांपैकी कोणीही अजून बोलले नव्हते. प्राध्यापक बान यांनी चष्मा काढून टेबलावर उपडा ठेवला होता. युनही खुर्चीच्या अगदी काठावर बसली होती, बस येण्याची वाट पाहणाऱ्या माणसासारखी. आणि दासोमने ज्या बोटाने कळ दाबली ते बोट अजून कळीवरच होते. खाली आवारात कोणीतरी गिंकोच्या झाडांची गळलेली पाने झाडत होते. खराट्याचा आवाज थांबे, पुन्हा सुरू होई. शांततेलाही एक उतार असतो असे दासोमला वाटले. या शांततेचा उतार कोणत्या बाजूला आहे, तेवढे मात्र तिला कळेना.

अधिक नऊ टक्के.

पाच महिने हा आकडा त्यांच्यापासून झाकलेला होता. बान सरांच्या प्रयोगशाळेची तशी रीतच होती: मोजणाऱ्याने उत्तर आधी पाहायचे नाही. समोरच्या इमारतीतल्या भूगर्भशास्त्राच्या एक बाई मनात येईल तो एक आकडा निवडत, कोणाला न दाखवता तो गणितात कालवत आणि कागदावर लिहून पाकिटात बंद करत. काम संपेपर्यंत पडद्यावर दिसे ते उत्तराचे सोंग असे. पाकीट फोडण्याआधी तिघांनी एका कागदावर आपापल्या नावाचा लाल शिक्का उमटवायचा: यानंतर आम्ही काहीही बदलणार नाही. तो कागद आता टेबलावर होता, आणि त्यावरची शाई पुरती वाळलीही नव्हती.

दीर्घिकांच्या प्रचंड समूहांमधली पोकळी कोट्यवधी अंश तापलेल्या वायूने भरलेली असते. तो डोळ्यांना दिसत नाही, फक्त क्ष-किरणांत दिसतो. समूहाच्या एकूण वजनात या वायूचा वाटा किती? सगळीकडे आणि सर्व काळी सारखाच, जणू एकाच पळीने वाढलेला, असे आजवर मानले जात होते. पण दिवा किती तेजस्वी आहे हे सांगायचे तर तो किती लांब आहे हे आधी ठाऊक हवे. म्हणून त्यांनी अंतरे दुसरीकडून, स्फोट होऊन विझणाऱ्या अतिनवताऱ्यांवरून घेतली होती, आणि त्या अंतरांनी दूरच्या बावीस समूहांची जुनी मापे नव्याने मांडली होती. आता ते समूह सांगत होते, आमच्यात जवळच्यांपेक्षा नऊ टक्के वायू जास्त आहे. दूरचे म्हणजे जुने, कारण त्यांचा प्रकाश फार पूर्वी निघालेला. पाच अब्ज वर्षांत कुठेतरी, कसा तरी, वायू निघून गेला होता.

"चला," बान सर चष्मा चढवत म्हणाले, "जेवून घेऊ."

फाटकाबाहेरच्या काल्गुक्सूच्या दुकानात शिंपल्यांच्या वाफाळत्या रश्शात शेवया उकळत होत्या. युनहीने कात्रीने मुळ्याची आंबट-तिखट किमची कापली, सरांच्या पेल्यात बार्लीचे पाणी ओतले, आणि मग एकदम हसायला लागली.

"काय झालं?" सरांनी विचारले.

"काही नाही, सर. माझी आई चर्चमधल्या बायकांना सांगते, आमची मुलगी गॅसच्या कंपनीत आहे. आता म्हणेल, गळतीसुद्धा तिनंच शोधली."

सर मोठ्याने हसले. दासोमही हसली, पण तिचे हसू किंचित उशिरा आले.

"तीन आठवडे आहेत," सर म्हणाले. "युनहीची बुसानच्या विद्यापीठातली मुलाखत अठ्ठावीसला. त्याआधी लेख जायला हवा. असा निकाल हातात असला की समितीतल्या म्हाताऱ्यांना नाही म्हणता येत नाही. मी स्वतः म्हातारा आहे, मला ठाऊक आहे."

"आणि तरीही नाहीच म्हणाले तर?"

"तर आईच्या किमचीच्या दुकानात कोबी निवडायला बस."

"तेही आईला विचारावं लागेल, सर. ती म्हणते, तुझा कोबी नीट धुतला जात नाही."

युनही अडतीस वर्षांची होती. अकरा वर्षांत पाच तात्पुरत्या नेमणुका, चार शहरे. बुसानच्या त्या कायमच्या जागेनंतर तिच्या वयाच्या माणसाला दार उघडे ठेवणारी दुसरी जागा दिसत नव्हती, आणि हे तिघांनाही ठाऊक असल्यामुळेच त्यावर विनोद चालत होते. दासोम एकोणतीसची. तीन वर्षांपूर्वी ती या प्रयोगशाळेत आली तेव्हा तिला पहिला गरम कॉफीचा कप आणि पहिली कठोर टीका, दोन्ही एकाच दुपारी, युनहीनेच दिले होते. त्या दिवसापासून ती तिला ताई म्हणत आली होती.

"दासोम, अंतरांचा भाग तू लिही," सर म्हणाले. "आणि पाठवण्याआधी पुन्हा तिघांचे शिक्के. एकाचा जरी नसला, तरी लेख जाणार नाही. माझ्या गुरुजींपासून ही पद्धत आहे."

अंतरांचा भाग म्हणजे जेमतेम दीड पान. त्यातले एक वाक्य दासोमला दोन दिवस लिहिता आले नाही. वाक्य साधे होते: बावीस समूहांच्या मूळ तक्त्यात जुनी अंतरे वापरली होती, ती आम्ही नव्याने बदलली. तक्ता सरांनी अठरा वर्षांपूर्वी वहीत हाताने मांडलेला. विभागाची इमारत बदलली तेव्हा ती वही कुठल्या तरी खोक्यात गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही. पण त्याआधी, सहा वर्षांपूर्वीच्या वसंतात, युनहीने तो तक्ता संगणकात उतरवून घेतला होता. तेवढीच प्रत उरली होती. जुन्याची नवी अंतरे करण्याचे काम दासोमने केले होते, या पाच महिन्यांत, सांगितल्याप्रमाणे.

वाक्याला आधार हवा म्हणून तिने तक्ता उघडला. प्रत्येक ओळीत समूहाची त्रिज्या दोनदा दिलेली होती: एकदा आकाशात दिसते तशी, कोनात, आणि एकदा प्रकाशवर्षांत. दोन्ही माहीत असतील तर तिसरी गोष्ट आपोआप निघते, म्हणजे लिहिणाऱ्याने अंतर कोणते धरले होते ते. तिने सहज, हाताला चाळा म्हणून, पहिल्या ओळीचा भागाकार केला.

अंतर जुने निघाले नाही. ते अतिनवताऱ्यांचे निघाले.

तिने दुसरी ओळ केली. मग पाचवी, मग अकरावी. प्रत्येक वेळी जुन्यापेक्षा सहा टक्क्यांनी जास्त. आणि अंतर सहा टक्क्यांनी वाढले की वायूचा वाटा नऊ टक्क्यांनी वाढतो, हे तिला झोपेतही सांगता आले असते. तक्ता आधीच बदललेला असेल, तर तिने त्याला दुसऱ्यांदा बदलले होते. म्हणजे पाच अब्ज वर्षांत कुठेही न गेलेला वायू तिच्या एका गुणाकारातून जन्माला आला होता.

किंवा नव्हता. कारण त्रिज्येचा रकाना वेगळा आणि वायूचा रकाना वेगळा. तक्ता उतरवून घेताना फक्त त्रिज्या बदलून ठेवली असेल आणि वायूचे आकडे वहीत होते तसेच राहिले असतील, तर तिचा गुणाकार अगदी योग्य होता. वायूच्या रकान्याकडे पाहून तो कोणत्या अंतराने मोजला आहे हे सांगता येत नव्हते. आकडे मुके होते. एखाद्या अनोळखी गावात दोन सारख्या गल्ल्यांच्या तोंडाशी उभे राहावे, आणि ज्या गल्लीतून आपण आलो तीच आता ओळखू येऊ नये, तशी ती त्या दोन रकान्यांच्या मध्ये उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या खोलीत गेली तेव्हा ते पर्सिमन सोलत होते. साल एकाच लांब फितीत उतरत होती.

"सर, तुमच्या वहीतली अंतरं जुनी होती ना?"

"जुनीच. माझ्या हाताने मोजलेली. तू तेव्हा शाळेत डबा सांडत असशील." त्यांनी एक फोड तिच्याकडे सरकवली. "का?"

"वाक्य लिहायचं आहे."

सरांनी सुरी खाली ठेवली. तिने काही सांगितले नव्हते; तरी त्यांनी ऐकले असावे.

"तुला एक सांगतो. माझ्या तरुणपणी एका गटाने पाकीट फोडलं आणि नको ते उत्तर आलं. मग ते चुका शोधायला बसले. एक सापडली, दुसरी सापडली. सात सापडल्या. खऱ्या चुका होत्या बरं, एकही खोटी नव्हती. आणि सातही दुरुस्त केल्यावर उत्तर जगाच्या उत्तराशी जुळलं. त्या दिवशी त्यांचं शोधणं थांबलं."

"म्हणजे आठवी असेल."

"आठवी, नववी, उलट्या दिशेची. कोण बघतंय? उत्तर आवडलं की माणसाची नजर मंदावते. म्हणून आपण शिक्का मारतो." त्यांनी पुन्हा सुरी उचलली. "खा, गोड आहे."

फळ गोड होते. ती जिन्यावरून उतरताना त्याची चव जिभेवर होती, आणि सरांचे बोलणे त्या चवीत इतके मिसळून गेले होते की त्यांनी तिला सावध केले की गप्प केले, हे तिला वेगळे काढता येईना.

मग तिने एकटीने, कोणाला न सांगता, मूळ क्ष-किरण चित्रांवरून मोजायला घेतले. बावीसपैकी तीनच समूहांची मूळ चित्रे हाताशी होती. बाकीची जुन्या फितींवर, आणि त्या फिती वाचणारे यंत्र केव्हाच भंगारात गेलेले. एकेका समूहाला तीन दिवस लागले. जुने अंतर धरून मोजायचे. तक्त्याशी जुळले तर वायूचा रकाना कोरा, म्हणजे न बदललेला. तक्ता नऊ टक्क्यांनी जास्त निघाला तर तो आधीच बदललेला.

पहिला समूह: तक्ता आठ टक्क्यांनी जास्त. दासोमने आकडा पुन्हा काढला, तोच आला, आणि त्याच वेळी, हे आठवून तिला नंतर लाज वाटली, एक सूक्ष्म समाधान झाले. आपला संशय खरा निघाल्याचे समाधान. दुसरा समूह: एक टक्का. म्हणजे जुळलेच. तिसरा: पाच. पाच म्हणजे कोणतेच नाही, पाच म्हणजे दोन्ही. अठरा वर्षांपूर्वीच्या दुर्बिणीची मापे मागाहून तीन-चार टक्क्यांनी सुधारली गेली होती, त्यामुळे या तिन्ही आकड्यांच्या पायाखालची जमीनच हलती होती. तिने ते तीन आकडे आलेखावर ठिपके म्हणून मांडले. तिने आधी ठरवून पाहिले की ते वर आहेत, आणि ते वर दिसले. मग ठरवून पाहिले की ते खाली आहेत, आणि तेही दिसले.

आपल्याला काय हवे आहे, हे तिने स्वतःला विचारले. चूक सापडावी असे वाटते, कारण ती चूक आहे. की सापडावी असे वाटते, कारण एवढा मोठा शोध आपल्या हातून लागला याची भीती वाटते? न सापडावी असे वाटते ते ताईसाठी, की ताईसमोर उभे राहून ती सांगावी लागू नये म्हणून? प्रत्येक प्रश्नामागे दुसरा प्रश्न होता, समोरासमोर ठेवलेल्या आरशांसारखा, आणि शेवटच्या आरशात उभी असलेली आकृती इतकी लहान होती की ती आपणच आहोत याची खात्री पटू नये.

लेख पाठवायच्या दिवशी, दुपारी, बान सरांच्या टेबलावर लेख पाठवण्याच्या संमतीचा कागद पडला होता. त्यावर दोन शिक्के होते. तिसऱ्यासाठी जागा होती. सर वर्गावर गेले होते. पाचच्या आत पाठवायचे, असे सांगून.

युनही इमारतीच्या मागच्या पायऱ्यांवर कॉफी घेऊन बसली होती. मांडीवर मुलाखतीच्या उत्तरांचे कागद होते, कडेला पेन्सिलीने वेळ लिहिलेले: चाळीस सेकंद, एक मिनिट.

"ये ये, शिक्केवाली बाई," ती म्हणाली. "तुझीच वाट बघतोय सगळे. शिक्का हरवलास की काय? मागच्या वेळी तुझ्या कोटाच्या अस्तरात सापडला होता."

"खिशात आहे."

"मग अडलंय कुठे? हे बघ, मला विचार: तुमच्या संशोधनाचा समाजाला उपयोग काय? चाळीस सेकंदांत सांगते."

दासोम तिच्या शेजारी एक पायरी खाली बसली. "ताई, मी तक्ता पाहिला. त्रिज्येच्या रकान्यात नवी अंतरं आहेत. आधीपासूनच."

युनहीने कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "बरं."

"वायूच्या रकान्यात कोणती आहेत ते कळत नाही. मी तीन समूह पुन्हा मोजले."

"केव्हा?"

"गेल्या आठवड्यापासून."

"मला न सांगता?" युनहीच्या आवाजात राग नव्हता, ती खरोखर विचारत होती. "काय आलं?"

"आठ, एक आणि पाच."

"म्हणजे काहीच आलं नाही."

"काहीच नाही आलं."

वाऱ्याने एक कागद उडू पाहिला. युनहीने त्यावर पेला ठेवला. "मला एक सांग, दासोम. उत्तर शून्य आलं असतं, सगळे म्हणतात तसं, तर तू तो रकाना तपासला असतास?"

"नसता तपासला."

"मग?"

"मग मी लबाड आहे. पण म्हणून रकाना बदलत नाही, ताई."

"तू लबाड नाहीस. तू घाबरट आहेस. लबाड असतीस तर बरं झालं असतं." युनही हसली, आणि ते हसू चेहऱ्यावर पुरते पोहोचण्याआधीच परत गेले. "अकरा वर्षं मी शून्य मोजतेय. प्रत्येक लेखाच्या शेवटी तेच: बदल आढळला नाही. एकदा, फक्त एकदा काहीतरी आढळलं."

"हो, मला माहीत आहे."

"नाही माहीत. तू एकोणतीसची आहेस."

खालच्या रस्त्यावरून विद्यार्थ्यांचा एक घोळका गेला. त्यांच्यातल्या कोणीतरी काहीतरी म्हटले आणि सगळे मागे वळून हसले. ते लांब गेल्यावर दासोम बोलली, शब्द एकेक करून, जणू त्यांची जागा आधी हाताने चाचपून.

"सहा वर्षांपूर्वी वही समोर ठेवून तुम्ही तक्ता उतरवत होतात. त्या वसंतात तुम्ही अतिनवताऱ्यांच्या अंतरांवरच काम करत होतात. त्रिज्या तुम्ही बदललीत, ते दिसतंच आहे. मला एवढंच सांगा. वायूचा रकानाही बदलला होता का?"

युनहीने पेल्याच्या कडेवरून बोट फिरवले.

"नव्हता म्हणालात तर मी आत्ता वर जाते आणि शिक्का मारते," दासोम म्हणाली. "होता म्हणालात तर दोघी मिळून सरांकडे जाऊ, आणि चूक माझी होती, मी विचारायला हवं होतं, असं मी सांगेन. आणि आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. सहा वर्षं झाली, कोणाला आठवेल? त्यावरही मी विश्वास ठेवीन. त्यावरही शिक्का मारीन. लेखात लिहू की या बाबतीत खात्री नाही, आणि तो आज जाईल."

तिला स्वतःलाच कळत होते की तिने तीन दारे उघडी ठेवली होती आणि त्यांतली दोन बुसानकडे जात होती. तिसरे वाक्य सर्वांत सोपे होते. ते खोटे असले तरी कोणालाही, कधीही सिद्ध करता आले नसते, दासोमलाही नाही. ती मनातल्या मनात ते ताईच्या ओठांवर ठेवत होती: आठवत नाही. फक्त दोन शब्द. ते ऐकू यावेत म्हणून ती जवळजवळ प्रार्थना करत होती, आणि ऐकू येऊ नयेत म्हणूनही.

युनहीने कागद गोळा केले. त्यांच्या कडा गुडघ्यावर आपटून सारख्या केल्या, एकदा आणि पुन्हा एकदा, एकही पान बाहेर डोकावू नये इतक्या काळजीने. उरलेली कॉफी तिने पायरीच्या कडेच्या मातीत ओतली. मग तिने दासोमकडे पाहिले. त्या नजरेत राग होता, की आभार होते, की ज्याला स्वतःलाच अजून काही कळलेले नाही अशा माणसाचा नुसता थकवा होता, हे दासोमला सांगता आले नसते.

"ताई?"

युनही उठली, कागद छातीशी धरले, आणि तिन्हींपैकी एकही उत्तर न देता पायऱ्या उतरून फाटकाच्या दिशेने चालू लागली.